थेंबाथेंबाची कॉफी

प्रस्तावना

दिवसाचे पहिले पेय हा प्रत्येक घराचा एक लहानसा रिवाज असतो. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत तो मान चहाचा आहे. तमिळनाडूतील असंख्य घरांत तो कॉफीचा आहे, आणि तीही फिल्टरमधून थेंबाथेंबाने उतरलेल्या कॉफीचा. हे साधे, जुन्या घडणीचे भांडे अनेकांच्या आठवणीत बालपणासारखे जपलेले असते. परंतु कोणत्याही वस्तूची आठवण ही केवळ चवीची नसते. त्या वस्तूमागे कोणाचे तरी श्रम असतात, काही सामाजिक रीती असतात आणि काळाबरोबर झालेले बदलही असतात. चेन्नईजवळच्या ओरगडम या औद्योगिक गावापासून आरंभ करून प्रस्तुत पाठात या भांड्याची, त्यामागील विज्ञानाची आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या जीवनाची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• फिल्टर आणि पर्कोलेटर यांच्या रचनेतील फरक सांगू शकाल;
• कॉफीच्या दक्षिण भारतातील प्रसाराचे टप्पे स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या वस्तूच्या आठवणीमागील श्रम आणि सामाजिक वास्तव ओळखू शकाल;
• दुसऱ्या भाषेतून आलेल्या शब्दांचा मराठीतील वापर समजून घेऊ शकाल.

मूळ पाठ

१. पाळीच्या गावातील पहाट

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूर आणि सिंगपेरुमाळ कोविल यांना जोडणाऱ्या रस्त्यावर ओरगडम वसले आहे. शेते आणि तळी यांच्या सान्निध्यातील हा परिसर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झपाट्याने बदलला. येथे २०१० मध्ये रेनॉ-निसानचा मोटारींचा आणि २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. पुण्याजवळच्या चाकणचे जे झाले, तेच चेन्नईजवळच्या ओरगडमचेही झाले. त्यामुळे एका गावातील नोकरी सोडून दुसऱ्या गावात आलेला मराठी अभियंता किंवा तंत्रज्ञ येथे भेटला, तर त्यात नवल वाटू नये.

कारखान्याच्या गावाला सूर्योदयाने जाग येत नाही. ती पाळीच्या वेळेने येते. अजून अंधार असतानाच कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या रस्त्यावर दिसू लागतात. रात्रपाळीचा माणूस घरी परतत असतो आणि पहिल्या पाळीचा माणूस बाहेर पडत असतो. अशा धावपळीत यंत्राची कळ दाबताच पेला भरून देणारी कॉफी सोयीची वाटते, आणि ती सोयीची आहेही. तरीदेखील त्याच वेळी अनेक घरांच्या ओट्यावर पितळेचे किंवा स्टीलचे एक उभट भांडे शांतपणे उभे असते. त्याला घाई नसते. त्याचे काम रात्रीच होऊन गेलेले असते. सर्वजण झोपेत असताना त्याने थेंबाथेंबाने आपले तळ भरलेले असते.

२. भांडे आणि त्याची रीत

हे भांडे म्हणजे एकावर एक बसणारी दोन नळकांडी. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. खालचे भांडे साधे असते. वरच्या भांड्यात कॉफीची पूड घालायची, ती हलकेच सारखी करायची, तिच्यावर दांडी असलेली सच्छिद्र चकती ठेवायची आणि उकळी येऊन किंचित निवलेले पाणी हळूहळू ओतायचे. मग झाकण लावून वाट पाहायची. पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून झिरपते आणि खालच्या भांड्यात दाट, काळसर अर्क जमतो. त्याला डिकॉक्शन म्हणतात. तमिळ माणूस या पहिल्या अर्काला ‘मुदल डिकॉक्शन’ म्हणतो. ‘मुदल’ म्हणजे पहिला. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेला दुसरा अर्क फिका असतो. म्हणून पाहुण्यापुढे पहिल्या अर्काचीच कॉफी ठेवायची, असा या घरांतील शिष्टाचार आहे.

बोलण्याच्या ओघात पुष्कळदा या भांड्याला पर्कोलेटर म्हटले जाते. वास्तविक दोन्ही भांडी वेगळी आहेत. पर्कोलेटरमध्ये तळाचे पाणी उकळत राहते, मधल्या नळीतून वर चढते, पुडीवर पडते आणि पुन्हा तळाशी येऊन पुन्हा वर चढते. उकळत्या पाण्याचा हा फेरा लांबला, तर कडवट घटकही पाण्यात उतरतात. फिल्टरमध्ये पाणी एकदाच आणि खालच्याच दिशेने जाते. त्याला विस्तवाची गरज नसते, गुरुत्वाकर्षण पुरते. याच तत्त्वावरचे गाळणभांडे इसवी सन १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये वापरात आले होते. पर्कोलेटरच्या काचेच्या झाकणातून दिसणारी आणि ऐकू येणारी बुडबुड्यांची उसळी हा त्या भांड्याचा आनंद; फिल्टरचा आनंद मात्र त्याच्या मौनात आहे.

मराठी घरातील कॉफीची रीत आणखी निराळी. पाण्यात साखर आणि पूड उकळायची, दूध घालायचे आणि वरून जायफळ किसायचे. उपवासाच्या दिवशी किंवा पाहुणे आले असता होणारी ही कॉफी पातेल्यात तयार होते. त्यामुळे महाराष्ट्रातून नव्याने आलेली व्यक्ती फिल्टरपाशी हमखास अडखळते. अर्क दाट व्हावा म्हणून ती पूड दाबून बसवते, आणि अर्धा तास झाला तरी खाली थेंबही पडत नाही. शेजारची वयस्क बाई मग हसून सांगते, “दाबू नकोस, नुसती बसव.” वरचे भांडे जरासे उचलून पुन्हा ठेवले की अडकलेली हवा सुटते आणि थेंब चालू होतात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मराठी माणसाने लहानपणी पाठ केलेली असते. तिचा प्रत्यय असा परप्रांतातील स्वयंपाकघरात येतो.

३. पूड, चिकोरी आणि पेला

कॉफीच्या फळात सामान्यतः दोन बिया असतात आणि त्या एका बाजूने चपट्या असतात. काही फळांत एकच गोल बी तयार होते. तिला पीबेरी म्हणतात आणि तमिळ घरांत तिला विशेष मान असतो. बिया भाजून, दळून देणाऱ्या दुकानांत गिऱ्हाईक आपले प्रमाण स्वतः सांगते: पीबेरी किती, साधी किती, चिकोरी किती. दळणाचा जाडपणाही महत्त्वाचा असतो. पूड फार बारीक असेल तर पाणी तुंबते. फार जाड असेल तर ते भरभर निघून जाते आणि अर्क पातळ होतो.

चिकोरी ही कॉफी नव्हे. ते एका वनस्पतीचे मूळ असते. ते भाजून दळतात. त्यात कॅफीन नसते, परंतु त्यामुळे अर्काला दाटपणा आणि गडद रंग येतो. युरोपात नेपोलियनच्या काळी सागरी व्यापार अडल्यामुळे कॉफीची टंचाई झाली, तेव्हा चिकोरीचा वापर वाढला. टंचाईत स्वीकारलेली चव पुढे आवडीची होऊन बसली. भारतातील नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण निदान ५१ टक्के असावे लागते आणि वेष्टनावर ते प्रमाण छापावे लागते.

तयार डिकॉक्शन पुन्हा उकळत नाहीत. उकळल्यास त्याचा सुगंध उडून जातो. पेल्यात थोडे डिकॉक्शन घेऊन त्यावर उकळते दूध ओततात. पेल्याला ‘टंबलर’ आणि त्याखालच्या काठाच्या पसरट वाटीला ‘डवरा’ म्हणतात. पेल्यातून डवऱ्यात आणि डवऱ्यातून पेल्यात उंचावरून कॉफी ओतली की साखर विरघळते, वर फेस येतो आणि ती ओठांना सोसेल इतकी निवते. अशी कॉफी समोर आली की यजमान म्हणतो, “काफी साप्पिडुंग.” शब्दशः अर्थ, “कॉफी खा.” मराठी माणूस चहा ‘घेतो’, हिंदी भाषक तो ‘पीता है’, तमिळ भाषक मात्र जेवणासाठी वापरलेले क्रियापदच कॉफीसाठीही वापरतो. कॉफीला अन्नाच्या पंक्तीत बसवणारी ही भाषेची रीत मोठी बोलकी आहे.

पाठगत प्रश्न १

१. डिकॉक्शन पुन्हा का उकळत नाहीत?
२. पर्कोलेटर आणि फिल्टर यांतील पाण्याच्या प्रवासात कोणता फरक आहे?
३. योग्य पर्याय निवडा: चिकोरी म्हणजे (अ) भाजलेले मूळ (आ) कॉफीचे फळ (इ) कॉफीचे पान.

४. बियांचा प्रवास

भारतातील कॉफीची कथा कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरांत सुरू होते. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने हजयात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि त्या या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांच्याच नावाने ती गिरिमाला आज बाबाबुदनगिरी म्हणून ओळखली जाते. पुढे ब्रिटिश काळात कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरउतारांवर कॉफीचे मोठे मळे उभे राहिले. महाराष्ट्रात, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड हवेतही कॉफीची झाडे वाढली. आजही देशातील कॉफीच्या उत्पादनाचा सर्वांत मोठा वाटा कर्नाटकाचा आहे.

परंतु कॉफीचे पीक आले म्हणून कॉफीची सवय लगेच आली, असे झाले नाही. तमिळ प्रदेशात सकाळी आदल्या दिवशीचा, पाण्यात भिजवून ठेवलेला भात आणि त्याचे आंबूस पाणी घेण्याची जुनी रीत होती. कोकणातील पेजेशी नाते सांगणारा तो आहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांतील मध्यमवर्गात त्याची जागा कॉफी घेऊ लागली. या बदलाने त्या काळी अनेकजण अस्वस्थ झाले होते. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या स्थित्यंतराचा अभ्यास केला आहे. आज जी रीत परंपरागत म्हणून गौरवली जाते, ती एकेकाळी नवी आणि संशयास्पद होती, हे त्यावरून लक्षात येते.

१९३० च्या दशकात जागतिक मंदीमुळे कॉफीच्या निर्यातीवर संकट आले. देशातच कॉफी पिणारे वाढावेत, म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. १९५० च्या दशकात ही केंद्रे बंद होऊ लागली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवण्यास घेतली. कॉफीच्या इतिहासातील हा कामगारांचा अध्याय विसरण्याजोगा नाही.

तमिळनाडूत कॉफीचे नाव काढले की कुंभकोणमचे नाव निघतेच. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या नावाने ‘डिग्री कॉफी’ ओळखली जाते. दुधाची शुद्धता मोजण्याच्या अंशांवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. ओरगडमच्या रस्त्याने सिंगपेरुमाळ कोविलला पोहोचले की चेन्नई-तिरुचिरापल्ली महामार्ग लागतो. त्याच्या कडेच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ ही अक्षरे दिसतात आणि आत पितळी टंबलर चकाकत असतात. मराठी वाचकाला कुंभकोणम अगदीच परके नाही. ते तंजावरच्या प्रदेशात येते, आणि तंजावरवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणम येथे एका मराठी कुटुंबातच जन्मले. भोसल्यांनी येथे कॉफी आणली, असे मात्र म्हणता येत नाही. कॉफीचा प्रसार त्यांची सत्ता संपल्यानंतरचा आहे. तरीही घरात मराठी बोलणाऱ्या आणि पहाटे फिल्टर कॉफी घेणाऱ्या तंजावरी कुटुंबांत ही दोन्ही नाती सुखाने नांदत आली आहेत.

५. आठवणीची दुसरी बाजू

जुन्या भांड्याची आठवण सांगणारा माणूस बहुधा सुगंधापासून सुरुवात करतो. पहाटे डोळे उघडण्याआधी तो सुगंध अंथरुणापर्यंत यायचा. मग पेल्याचा आवाज, फेस, वर्तमानपत्राची घडी. या वर्णनात एक व्यक्ती मात्र क्वचितच दिसते. ती म्हणजे तो सुगंध येण्याआधी उठलेली व्यक्ती. हिरव्या बिया घरी भाजणे, त्या हातयंत्रात दळणे, दूध तापवणे, फिल्टर भरणे, आणि सर्वांना देऊन झाल्यावर उरलेल्या पुडीवर पाणी ओतून आपल्यासाठी दुसरा अर्क काढणे, हे काम पिढ्यानुपिढ्या घरातील स्त्रियांनी केले. ज्याने कॉफी घेतली त्याला विसावा आठवतो. जिने ती केली तिला पहाटेचे चार आठवतात. दोन्ही आठवणी एकाच भांड्याच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. त्या काळातील कॉफीची उपाहारगृहे सर्वांसाठी सारखी खुली नव्हती. काहींच्या फलकांवर ‘ब्राह्मण’ हा शब्द लिहिलेला असे. आत कोणी कोठे बसावे, हे जातीवरून ठरे. १९५७ मध्ये मद्रासमधील ट्रिप्लिकेन भागातील अशाच एका फलकाविरुद्ध पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. ते अनेक महिने चालले आणि अखेर तो शब्द फलकावरून पुसला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि दुकाने व उपाहारगृहे यांत जातीच्या आधारे कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले होते. तरीही तमिळनाडूतील अनेक खेड्यांत चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळा पेला ठेवण्याची प्रथा त्यानंतरही दीर्घकाळ आढळत राहिली. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. एका पेल्यातून सर्वांनी पिण्याचा प्रश्नही केवळ कॉफीचा नाही.

म्हणून जुने ते सर्व सोने, असे म्हणून चालत नाही. तसेच, जुन्यात अन्याय होता म्हणून ते भांडेच टाकून द्यावे, असेही नाही. भांडे निर्दोष आहे. त्यातून उतरलेली कॉफी कोणी करावी आणि कोणाला द्यावी, हे माणसांनी ठरवलेले असते. म्हणूनच ते माणसांना बदलताही येते.

६. आदल्या रात्रीचे अगत्य

विरघळणारी कॉफी १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली आणि पुढे तिने भारतातील घरांतही प्रवेश केला. चमचाभर पूड, गरम दूध, झाले. त्या कॉफीने कितीतरी गृहिणींची पहाट थोडी उशिरा उजाडू दिली. हा तिचा उपकार मान्य केला पाहिजे. मग फिल्टर टिकला कशामुळे? केवळ चवीमुळे नव्हे. फिल्टरला घाई करता येत नाही, हेच त्याचे बळ आहे. सकाळी दाट कॉफी हवी, तर तिची आठवण रात्रीच ठेवावी लागते. फिल्टरची कॉफी समोर आली म्हणजे कोणीतरी काल रात्री, स्वतः दमलेले असताना, उद्याच्या माणसाचा विचार केला होता. त्या पेल्यातील ऊब दुधाची असते तितकीच त्या विचाराचीही असते. तात्काळ मिळणाऱ्या वस्तूत सर्व काही असते, हा आदल्या रात्रीचा विचार तेवढा नसतो.

ओरगडमसारख्या गावात या विचाराला नवे वळण लागू शकते. येथे पती आणि पत्नी दोघेही वेगवेगळ्या पाळ्यांत काम करत असतील, तर एकाच्या घरी येण्याची वेळ ही दुसऱ्याच्या जाण्याची वेळ असते. चार मित्र एका खोलीत राहत असतील, तर त्यांची झोपही आळीपाळीची असते. अशा घरात फिल्टर भरण्याचे काम एकाच व्यक्तीकडे ठेवता येत नाही. दुसऱ्या पाळीहून रात्री परतलेल्याने तो भरायचा, म्हणजे पहिल्या पाळीला निघणाऱ्याला तो भरलेला मिळतो. दुसऱ्या दिवशी हे नाते उलट होते. आजीच्या घरी जे एकीचे कष्ट होते, ते येथे सर्वांचे अगत्य होऊ शकते. पुडीतील चिकोरीचे प्रमाण, दुधाची सांड किंवा साखरेचा अंदाज यांवरून थोडी कुरबुर होईल. परंतु कोणाला दुसरा अर्क घ्यावा लागणार नाही.

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. रस्त्यावरची शेवटची बस गेली आहे. ओट्यावर पाणी उकळून किंचित निवले आहे. हाताने पूड सारखी केली जाते, चकती बसते, पाणी ओतले जाते, झाकण लागते. दिवा मालवला जातो. अंधारात पहिला थेंब पडल्याचा आवाज होतो, आणि मग दुसरा.

पाठगत प्रश्न २

१. पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ कोणत्या शहरात आणि कोणत्या वर्षी उघडले?
२. १९५७ मधील मद्रासचे आंदोलन कशाविरुद्ध होते?
३. ‘भांडे निर्दोष आहे’ या विधानातून काय सुचवायचे आहे?

शब्दार्थ

अगत्य – आपुलकीने घेतलेली काळजी
सच्छिद्र – छिद्रे असलेले
अर्क – पदार्थातील सार
प्रत्यय – प्रत्यक्ष अनुभव
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
स्थित्यंतर – एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे
मज्जाव – मनाई
पाळी – कामाचा ठरावीक वेळ

भाषाभ्यास

१. ‘कॉफी’, ‘फिल्टर’, ‘डिकॉक्शन’ हे शब्द परभाषांतून मराठीत आले आणि त्यांनी मराठीचे व्याकरण स्वीकारले. ‘कॉफी’ हा शब्द स्त्रीलिंगी (ती कॉफी), ‘फिल्टर’ पुल्लिंगी (तो फिल्टर), तर ‘डिकॉक्शन’ नपुंसकलिंगी (ते डिकॉक्शन) वापरला जातो. तुमच्या स्वयंपाकघरातील असे पाच शब्द शोधून त्यांची लिंगे लिहा.
२. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा अर्थ सांगून तिचा वाक्यात उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात

• फिल्टरमध्ये पाणी पुडीतून एकदाच झिरपते. पर्कोलेटरमध्ये ते पुन्हा पुन्हा फिरते.
• परंपरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवयी एकेकाळी नव्या असतात.
• सुखद आठवणीमागे कोणाचे तरी श्रम असतात आणि कधी कधी अन्यायही असतो.
• श्रम वाटून घेतले आणि पेला सर्वांसाठी खुला ठेवला, तर जुनी रीत नव्या जीवनातही अर्थपूर्ण ठरते.

पाठान्त प्रश्न

१. फिल्टर कॉफी तयार करण्याची कृती क्रमाने लिहा.
२. ‘ज्याने कॉफी घेतली त्याला विसावा आठवतो, जिने ती केली तिला पहाटेचे चार आठवतात.’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. कॉफीच्या उपाहारगृहांतील भेदभावाचे चित्र आणि चवदार तळ्याचा प्रसंग यांतील समान सूत्र सांगा.
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या भांड्याविषयी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी बोला. ते कोण वापरत असे आणि त्यासाठी किती वेळ लागे, ते विचारून पंधरा ओळी लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १ – १. उकळल्यास सुगंध उडून जातो. २. फिल्टरमध्ये पाणी एकदाच खाली झिरपते. पर्कोलेटरमध्ये ते नळीतून वारंवार वर चढून पुडीवर पडते. ३. (अ) भाजलेले मूळ.

पाठगत प्रश्न २ – १. मुंबई, १९३६. २. उपाहारगृहाच्या फलकावरील ‘ब्राह्मण’ या शब्दाविरुद्ध. ३. अन्याय वस्तूत नसून माणसांनी ठरवलेल्या रीतींत असतो आणि त्या रीती बदलता येतात.